पाळीव कुत्र्याचा आहार

पाळीव कुत्र्याचा आहार : कुत्र्याचे वय, वजन, जात, हालचाल आणि प्रकृती पाहून त्याला काय व किती खाऊ घालायचे, हे ठरवण्याचा विषय. चर्चा बहुधा ‘ड्राय फूड की घरचे’ किंवा ‘शाकाहार की मांसाहार’ यावरच रंगते. त्याआधीचा प्रश्न वेगळा आहे : रोज हेच अन्न दिले, तर लागणारी सर्व पोषकद्रव्ये त्यातून पुरेशी मिळतात का? माणसाच्या जेवणात आज जे कमी पडते ते उद्याच्या भाजीतून, फळातून भरून निघते. कुत्रा वर्षानुवर्षे तेच खातो, त्यामुळे लहानशी उणीवही साचत जाते.

कुत्रा लांडग्याच्या कुळातला असला तरी निव्वळ मांसाहारी नाही. पिष्टमय पदार्थ पचवणाऱ्या अमायलेज या विकराच्या जनुकाच्या प्रती लांडग्यापेक्षा कुत्र्यात कितीतरी जास्त असतात, हे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनात दिसून आले. माणसाच्या वस्तीत राहून धान्य खाण्याची ही सवय आता त्याच्या अंगातच आहे. शिजवलेला भात किंवा भाकरी त्याला पचते. मात्र ड जीवनसत्त्व तो उन्हात बसून पुरेसे तयार करू शकत नाही. ते अन्नातूनच मिळावे लागते.

महाराष्ट्रात घरोघरी दिले जाणारे चिकन-भात हे जेवण दिसायला परिपूर्ण असते. प्रथिने भरपूर, पचायला हलके, आणि कुत्रा ताटली चाटूनपुसून साफ करतो. उणीव आहे ती कॅल्शियमची. दहा किलो वजनाच्या प्रौढ कुत्र्याला दिवसाला साधारण ६३० किलोकॅलरी लागतात. तेवढ्यासाठी सुमारे २०० ग्रॅम शिजवलेले बिनहाडाचे चिकन आणि त्याहून थोडा जास्त भात घातला, तर त्यातून कॅल्शियम मिळते जेमतेम ५०-६० मिलिग्रॅम. गरज असते सुमारे ८०० मिलिग्रॅमची. फॉस्फरस मात्र याच जेवणात कॅल्शियमच्या कित्येक पट असतो. रक्तातली पातळी सांभाळण्यासाठी शरीर मग हाडांतून कॅल्शियम काढू लागते. पिल्लांमध्ये याचा परिणाम लवकर दिसतो : पाय वाकतात, पिल्लू लंगडते, साध्या उडीनेही हाड मोडते. दूध-पोळीवर वाढवलेल्या पिल्लाला दुधातून थोडे कॅल्शियम मिळते, पण प्रथिने कमी पडतात. शिवाय मोठेपणी दुधातली साखर अनेक कुत्र्यांना पचत नाही. दही-ताक बहुतेकांना सोसते. घरचेच द्यायचे तर पशुवैद्याकडून मापासकट पाककृती घ्यावी आणि तीत सांगितलेले कॅल्शियम, जीवनसत्त्वे रोज घालावीत.

तयार अन्नाची सुरुवात १८६० च्या सुमारास लंडनमध्ये झाली. जेम्स स्प्रॅट या अमेरिकन माणसाने गहू, भाज्या आणि मांसाची बिस्किटे कुत्र्यांसाठी विकायला काढली. आज पाकिटावरच्या गाजर-वाटाण्याच्या चित्रांपेक्षा मागची बारीक अक्षरे वाचण्यासारखी असतात. अन्न ‘कम्प्लीट’ आहे की केवळ पूरक, आणि ते कोणत्या वयासाठी आहे, हे तिथे कळते. अमेरिकेतील ‘आफ्को’ या संस्थेच्या निकषांनुसार पाणी वगळून मोजलेल्या अन्नात प्रौढ कुत्र्यासाठी किमान १८ टक्के आणि पिल्लांसाठी २२.५ टक्के प्रथिने हवीत. पाणी वगळणे इथे महत्त्वाचे. ओल्या अन्नाच्या डब्यावर प्रथिने ८ टक्के आणि पाणी ७८ टक्के लिहिलेले असेल, तर कोरड्या हिशेबाने ती ३६ टक्के भरतात. ‘ड्राय फूडमध्ये प्रथिने जास्त’ हा दुकानातला दावा म्हणूनच फसवा ठरू शकतो.

चिकन-भाताच्या नेमकी उलटी चूक मोठ्या जातींच्या पिल्लांबाबत होते. जर्मन शेफर्ड, लॅब्राडोर, ग्रेट डेन यांच्या पिल्लांना पूर्ण पपी फूड चालू असतानाच ‘हाडे मजबूत व्हावीत’ म्हणून कॅल्शियमचे सिरप दिले जाते. जादा कॅल्शियम शोषून घेणे लहान पिल्लाच्या आतड्याला पुरेसे रोखता येत नाही, आणि त्यामुळे हाडांची वाढ बिघडते. अशा पिल्लांना मोठ्या जातींसाठी बनवलेले अन्न द्यावे, वरून काही नको.

प्रमाणाकडे प्रकारापेक्षा कमी लक्ष दिले जाते, आणि ते चूक आहे. अमेरिकेत ४८ लॅब्राडोरांच्या जोड्या लावून झालेल्या दीर्घ अभ्यासात आपल्या जोडीदारापेक्षा २५ टक्के कमी अन्न मिळालेले कुत्रे सरासरी पावणेदोन वर्षे जास्त जगले. लॅब्राडोर सतत भुकेलेला वाटतो त्याला अंशतः कारणही आहे : अनेकांत तृप्तीशी संबंधित एका जनुकाचा तुकडाच गळालेला असतो. तो मागतो म्हणून देत राहणे हा उपाय नव्हे. बरगड्यांवरून हलका हात फिरवावा. त्या दिसत नसाव्यात, पण न दाबताही हाताला लागाव्यात. दाबूनही लागत नसतील तर वाटी लहान करावी. नसबंदीनंतर गरज आणखी घटते.

शाकाहारी घरात कुत्रा पाळता येतो; मांजराबाबत हे असे सहज म्हणता येणार नाही. अंडी, पनीर, सोयाबीन यांवर आधारलेला आहार नीट आखला तर चालतो, केवळ वरण-भात नाही. कच्च्या मांसाच्या आहारात साल्मोनेलासारख्या जंतूंचा धोका कुत्र्याइतकाच घरातल्या लहान मुलांनाही असतो. धान्यविरहित अन्नाची फॅशन सुरू असताना, २०१८ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्याचा हृदयविकाराशी संबंध असू शकतो, असा इशारा दिला. हा संबंध सिद्ध झालेला नाही. धान्याची ॲलर्जी तपासणीत आढळलेली नसेल, तर जास्त पैसे मोजून असे अन्न घेण्याचे कारण दिसत नाही.

उरलेला रस्सा भातावर ओतून देणे टाळावे, कारण कांदा-लसणामुळे रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. द्राक्षे आणि बेदाणे मूत्रपिंडे निकामी करू शकतात, म्हणून बेदाणे घातलेला शिरा किंवा लाडूही नको. चॉकलेट, दारू आणि ‘शुगर-फ्री’ पदार्थांतले झायलिटॉल विषारी आहेत. शिजवलेल्या हाडांची टोकदार कुसळे होऊन आतडे फाटू शकते. अन्नाचा प्रकार बदलताना आठवडाभर जुन्यात नवे थोडे थोडे मिसळत न्यावे. एका दिवसात बदलल्यास हगवण लागते आणि दोष विनाकारण नव्या अन्नाला दिला जातो.