तळ दोन किलोमीटर खाली, गळ मात्र हातभर पाण्यात

हवाई बेटांपैकी सर्वांत मोठ्या बेटाच्या पश्चिम अंगाला कोना नावाचा किनारा आहे. तिथल्या होनोकोहाऊ बंदरातून पहाटे मोठ्या बोटींबरोबर सहा-सात मीटरच्या छोट्या बोटीही बाहेर पडतात. दोन माणसं, चार-पाच गळ आणि बर्फाची पेटी, एवढाच पसारा. खोल पाणी लागलं की आमिषं मागे सोडायची आणि आठ नॉटने, म्हणजे ताशी साधारण पंधरा किलोमीटरने, ती दिवसभर ओढत फिरायचं. या पद्धतीला ट्रोलिंग म्हणतात. बोटीखाली पाणी दीड-दोन किलोमीटर खोल असतं आणि आमिष पळत असतं ते वरच्या हातभर थरात. बाकी सगळ्या समुद्राला त्याची खबरही लागत नाही. तरी याच किनाऱ्यासमोर १९८२ साली ६२४ किलोचा निळा मार्लिन, म्हणजे भाल्यासारख्या चोचीचा मोठा शिकारी मासा, गळाला लागला आणि पॅसिफिकमधला या जातीचा तो विक्रम ठरला.

एवढ्या खोल समुद्रात वरवर गळ ओढून मासा मिळतोच कसा? नशीब हे उत्तर कोळ्यांना आवडतं, पण ते अपुरं आहे.

आधी जागेचं बघू. कोनासमोरचं खोल पाणी किनाऱ्याला जवळजवळ चिकटून आहे. हे बेट म्हणजे समुद्रतळापासून उभे राहिलेले ज्वालामुखी, त्यामुळे त्याला रुंद उथळ मंच नाही. दहाएक किलोमीटरच्या आतच तळ दीड किलोमीटरच्या खाली जातो. आपल्याकडे मुंबईसमोर हा उथळ मंच तीनेकशे किलोमीटर रुंद आहे. तो ओलांडून खोल समुद्र गाठायचा आणि परत यायचं, तर मोठा ट्रॉलर आणि कित्येक दिवसांचं रेशन हवं. कोनाचा माणूस सकाळी जाऊन संध्याकाळी घरी जेवायला येतो.

दुसरी सोय डोंगरांची. मौना केआ ४२०७ मीटर उंच, मौना लोआ ४१६९. ईशान्येकडून वाहणारे व्यापारी वारे या भिंतींवर आपटतात आणि पलीकडे कोनाच्या अंगाला आडोसा तयार होतो. तिथे मग पहाटे मतलई आणि दुपारी खारे वारे, असा आपल्या कोकणात हिवाळ्यात असतो तसा दिनक्रम चालतो. छोटी बोट तिथे टिकते ती यामुळे.

पण अडवलेला वारा नाहीसा होत नाही. बेटाच्या उत्तरेला, माउई आणि मोठं बेट यांच्यामधल्या अलेनुइहाहा खाडीतून तो जोराने घुसतो. एका बाजूला जोराचा वारा आणि शेजारीच आडोशाचं शांत पाणी, अशी कड तयार झाली की पाण्याला पीळ पडतो आणि शंभर-दीडशे किलोमीटर व्यासाचे भोवरे सुटतात. उत्तर गोलार्धात डावीकडे फिरणाऱ्या भोवऱ्यात पृथ्वीच्या फिरण्यामुळे पाणी बाहेर ढकललं जातं, मध्ये पोकळी पडते आणि ती भरायला खालचं थंड, खतावलेलं पाणी वर येतं. त्यावर वनस्पतीप्लवक, म्हणजे तरंगत्या सूक्ष्म वनस्पती, वाढतं, त्यावर प्राणीप्लवक, म्हणजे तरंगते बारीक जीव, मग लहान मासे आणि शेवटी त्यांच्या मागावर असलेले. कोनातल्या आंतरराष्ट्रीय बिलफिश (मार्लिनसारखे चोचवाले मासे) स्पर्धेची १९९५ सालची पकड संशोधकांनी उपग्रहाच्या नकाशांशी ताडून पाहिली, तेव्हा जास्त मार्लिन भोवऱ्याच्या किनाऱ्याकडच्या कडेने लागलेले दिसले. अशा कडेला पाणी एकत्र येतं, तरंगता कचरा जमतो, पाण्याचा रंग बदलतो. तांडेल या रेषेलाच धरून बोट नेतो. भोवऱ्याचं गणित त्याला माहीत असेलच असं नाही, पण कचऱ्याची रेषा आणि तिच्यावर घिरट्या घालणारे पक्षी त्याला पुरतात.

तरीही प्रश्न उरतोच, की मासे वरच का असतात? इथे मला या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट सापडते.

समुद्राचा वरचा थर उबदार आणि घुसळलेला असतो. त्याखाली तापमान झपाट्याने उतरतं. ट्युना, म्हणजे आपला कुपा, हा बहुतेक माशांसारखा थंड रक्ताचा नाही. त्याच्या शरीरात धमन्या आणि शिरा इतक्या लगटून उलट दिशांनी धावतात, की स्नायूंतून येणारं गरम रक्त कल्ल्यांकडून येणाऱ्या गार रक्ताला वाटेतच ऊब देऊन टाकतं. उष्णता शरीराबाहेर फारशी जात नाही. मग या माशाला खोल, गार पाण्यात जायला काय हरकत? हरकत हृदयाची आहे. हृदय या उष्णता राखणाऱ्या जाळ्याच्या बाहेर पडतं, त्याला भोवतालच्या पाण्याइतकंच गार रक्त मिळतं. पाणी थंड झालं की हृदय मंदावतं आणि गरम, भुकेल्या स्नायूंना पुरेसा प्राणवायू पोचत नाही. म्हणून पिवळ्या पराचा ट्युना खाली बुड्या मारतो खरा, पण पृष्ठभागापेक्षा आठ अंशांहून अधिक गार पाण्यात फार वेळ काढत नाही. निळा मार्लिनही बराचसा वेळ वरच्या उबदार थरातच असतो. म्हणजे दोन किलोमीटर खोल समुद्रात या शिकाऱ्यांचं घर शंभरेक मीटर जाडीचं आहे, आणि गळ त्या घराच्या छतावरून फिरतो.

अरबी समुद्रात तर हे छप्पर आणि जमीन आणखी जवळ आलेली असतात. इथे शंभर-दीडशे मीटरच्या खाली प्राणवायू जवळपास संपतो. जगातल्या सर्वांत तीव्र अशा प्राणवायूहीन पट्ट्यांपैकी हा एक आहे. सतत पोहत राहून, तोंड उघडं ठेवून कल्ल्यांवरून पाणी वाहवणाऱ्या ट्युनाला तिथे खाली काही मिळायचं नाही. हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था मासे कुठे मिळण्याची शक्यता आहे याच्या सूचना देते, त्या पृष्ठभागाचं तापमान आणि हरितद्रव्य यांच्या उपग्रह चित्रांवरूनच. ट्युनासाठी तिच्या वेगळ्या सूचनाही असतात.

आता आमिषाकडे वळू. ट्रोलिंगचं आमिष बहुधा माशासारखं दिसतसुद्धा नाही. रेझिनचं तिरकं कापलेलं डोकं आणि मागे रंगीत झालर, बस. ते पाण्यात डुबकी मारतं, वर येऊन हवा गिळतं आणि पुन्हा बुडताना मागे बुडबुड्यांची पांढरी शेपटी सोडतं. ते कुठे सोडायचं यालाच खरं कौशल्य लागतं. ‘तिसऱ्या लाटेवर लांब, दुसरीवर आखूड’ अशी भाषा बोटीवर चालते, म्हणजे लांब दोराचं आमिष तिसऱ्या लाटेवर आणि आखूड दोराचं दुसरीवर. या लाटा म्हणजे बोटीने स्वतःच मागे उठवलेल्या आडव्या लाटा. त्या बोटीच्याच वेगाने तिच्यामागून येतात, म्हणून बोटीतून पाहणाऱ्याला जागच्या जागी उभ्या दिसतात. खोल पाण्यात लाटेचा वेग तिच्या लांबीवर ठरतो, त्यामुळे बोटीचा वेग ठरला की दोन शिखरांमधलं अंतर ठरलं. आठ नॉटला ते पावणेअकरा मीटर येतं, सहा नॉटला सहा मीटरच्या थोडं वर. म्हणजे आठ नॉटला तिसरी लाट बोटीमागे बत्तीसेक मीटरवर. वेग वाढवला की लाटा मागे सरकतात आणि दोर तेवढाच राहिला तर आमिष चुकीच्या जागी येतं. ते हवं असतं लाटेच्या बोटीकडच्या उतारावर, तिथे ते घसरगुंडीसारखं पळतं आणि फेसाबाहेर स्वच्छ दिसतं.

सहा मीटरच्या बोटीला यात एक अडचण आहे. सहा नॉटलाच तिची लाट तिच्या लांबीएवढी होते. त्यापुढे जायचं तर स्वतःच्याच लाटेच्या चढावर नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, वर करून रेटावं लागतं. इंधन भसाभस जातं आणि मागे फेसच फेस होतो. मोठ्या बोटीवर याच वेगाला पाणी नितळ असतं. छोट्या बोटीचा तांडेल आमिषं थोडी लांब सोडतो ती या फेसाच्या पलीकडे जावीत म्हणून.

माशाला हे कसं दिसतं? शांत पाण्यात खालून वर पाहिलं तर प्रकाशाच्या वक्रीभवनामुळे अख्खं आकाश डोक्यावरच्या एका गोल खिडकीत गोळा झालेलं असतं, त्याबाहेर पृष्ठभाग नुसता आरसा. तीस मीटर खोलीवरून ही खिडकी सत्तरेक मीटर रुंद भरते. म्हणजे बोट, तिचा फेस आणि मागचं आमिष, सगळं एकाच उजळ गोलात. बोटीला घाबरून मासे पळतील ही समजूत इथे चालत नाही. अनेकदा मार्लिन बोटीच्या अगदी मागच्या, सर्वांत आखूड दोरावरच झडप घालतो.

तो ट्युनासारखं सगळं अंग गरम ठेवत नाही. त्याने काटकसर केली आहे, फक्त डोळे आणि मेंदू तापवायचे. डोळा फिरवणाऱ्या एका स्नायूचा काही भाग आकुंचन पावणंच विसरला आहे आणि त्याच्या पेशी फक्त उष्णता तयार करतात. पुढे स्टॅनफर्डला गेलेल्या संशोधक बार्बरा ब्लॉक यांनी १९८० च्या दशकात हा अवयव उलगडला. त्याचा उपयोग काय, हे मार्लिनच्या नात्यातल्या तलवार माशावर तपासलं गेलं. गरम डोळा झपाट्याने हलणारी वस्तू गार डोळ्यापेक्षा दसपटीहून अधिक बारकाईने टिपू शकतो. तेव्हा ताशी पंधरा किलोमीटरने पळणारं आमिष त्याच्यासाठी धूसर रेघ नसणार.

वेगाबद्दल मात्र बरीच बढाई चालते. मार्लिनच्याच नात्यातला सेलफिश ताशी ११० किलोमीटरने पोहतो, हे वाक्य शाळेच्या पुस्तकांपासून प्रश्नमंजूषेपर्यंत सगळीकडे असतं. त्याचं मूळ फ्लोरिडातल्या एका मासेमारी तळावरच्या जुन्या मोजणीत आहे. तीन सेकंदांत रिळावरून शंभर यार्ड दोर गेला, त्यावरून काढलेला हा आकडा. २०१६ मध्ये स्नायू किती वेगाने आकुंचन पावतात ते मोजून संशोधकांनी हिशेब केला, तो सेकंदाला सुमारे आठ मीटर, म्हणजे ताशी तीस किलोमीटरच्या आसपास आला. ट्रोलिंगच्या बोटीला गाठायला तेवढा वेग भरपूर आहे, आणि मला तरी हा खरा आकडा अधिक भावतो.

मासा लागल्यावर शे-दोनशे मीटर दोर पाण्यात जातो आणि आणखी एक गंमत होते. मासा वळला तरी दोर लगेच वळत नाही, पाण्याच्या विरोधामुळे तो मोठी कमान करून मागून घसटत येतो. हातातला दोर डावीकडे दाखवतो आणि मार्लिन उजवीकडे हवेत उडी मारतो. त्या कमानीचा ओढा माशाच्या टोकाला, आपल्याला जाणवतो त्यापेक्षा बराच जास्त असतो. म्हणूनच रिळाचा ब्रेक दोराच्या ताकदीच्या तिसऱ्या हिश्श्याहून घट्ट ठेवत नाहीत, आणि कमान लांबली की उलट सैल करतात. नवखा माणूस इथे ब्रेक आवळतो आणि मासा गमावतो.

ट्युना लागला तर लढाई संपल्यावर खरी घाई सुरू होते. जिवाच्या आकांताने पोहताना त्याच्या पांढऱ्या स्नायूंत लॅक्टिक आम्ल साठतं आणि अंग तापलेलं असतं. आम्ल आणि उष्णता मिळून मांसातली प्रथिनं बिघडवतात, लाल चकचकीत मांस फिकट आणि चिघळल्यासारखं होतं. जपानी बाजारात त्याला ‘याके’, म्हणजे भाजलेलं, म्हणतात आणि भाव पडतो. उपाय एकच: ताबडतोब रक्त काढायचं आणि मासा बर्फ व समुद्राचं पाणी यांच्या चिखलात बुडवायचा. नुसत्या बर्फाच्या ढेकळांमध्ये हवेच्या पोकळ्या राहतात, चिखल चहूबाजूंनी भिडतो. यात चवीपेक्षा मोठी गोष्ट आहे. ट्युनाच्या मांसात हिस्टिडीन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं. मासा उबदार राहिला तर जिवाणू त्याचं हिस्टामिन, म्हणजे ॲलर्जीसारखा त्रास देणारं रसायन, करतात, आणि ते एकदा तयार झालं की शिजवून, तळूनही जात नाही. आपल्याकडे बांगडा खाल्ल्यावर कुणाच्या अंगावर लाल चट्टे उठले की ‘त्याला मासा सोसत नाही’ म्हणतात. दोष बऱ्याचदा माणसाचा नसतो, बर्फ उशिरा मिळाल्याचा असतो.

मोठा मार्लिन सहा मीटरच्या बोटीत घ्यायचा कसा, हा प्रश्न निराळाच. तीनशे किलोचा मासा जवळजवळ नक्कीच मादी असते, नर दीडशे-पावणेदोनशे किलोंच्या पुढे क्वचितच जातात. तिला नेलं तर सर्वांत जास्त अंडी घालणारी मादीच गेली. त्यामुळे अनेकजण गळ कापून तिला सोडून देतात, आणि काही त्याआधी पाठीत उपग्रह-टॅग टोचतात. टॅग खोली, तापमान आणि उजेड नोंदवत राहतो. उजाडलं आणि मावळलं केव्हा यावरून मासा कुठल्या रेखांशावर होता ते कळतं, दिवस किती लांब होता यावरून अक्षांश. ठरलेल्या तारखेला टॅग आपोआप सुटून वर तरंगतो आणि साठवलेल्या नोंदींचा सारांश उपग्रहाला सांगतो. कोनाच्या समोर अशा टॅगसह सोडलेले काही मार्लिन विषुववृत्त ओलांडून फ्रेंच पॉलिनेशियाच्या बाजूला निघाल्याचं त्यातून समजलं.