रेडिएशन दिलेल्या परागाची फळं लॅबला पाठवण्याआधी एवढं वाचा

काकडी-खरबुजाच्या हॅप्लॉइड कामाची, म्हणजे किरण दिलेला पराग लावून अर्ध्याच गुणसूत्रांची झाडं मिळवायच्या कामाची, फळं यायला लागली की दर सीझनला एकच फोन येतो, फळ अजून हिरवंच दिसतंय, आठ-दहा दिवस वेलावर राहू देऊ का, बी जरा भरेल. राहू देऊ नका. हे पत्रक मुख्य म्हणजे एवढ्यासाठीच काढलंय.

सवय कुठून आली ते आम्हाला माहीत आहे. जालना, देऊळगाव राजा पट्ट्यात शेडनेटमधे क्रॉसिंग करणारे हात आहेत तसे दुसरीकडे मिळणं अवघड, आणि बीजोत्पादनात फळ पूर्ण पिकवून भरलेलं बी काढायचं हाच नियम, त्यात चूक काहीच नाही. फक्त या कामात तो नियम बरोबर उलटा आहे.

गॅमा किरण दिल्याने पराग मरत नाही. तो मादी फुलावर रुजतो, त्याची नळी बीजांडापर्यंत जाते, पण आतल्या केंद्रकाची मोडतोड झालेली असते म्हणून धड फलन होत नाही, अंडपेशीला मात्र चालना मिळते आणि मोजक्या बीजांडांत ती एकटीच वाढायला लागते. त्यामुळे गर्भात फक्त मादीची अर्धी गुणसूत्रं येतात, काकडीत १४ च्या जागी ७, खरबुजात २४ च्या जागी १२. फळ बाहेरून नेहमीसारखंच वाढतं, बीचं कवचही तयार होतं, पण आत गर्भाला पोसणारा भाग नीट बनलेला नसतो. म्हणून हा गर्भ वेलावर जास्त दिवस टिकत नाही, ठराविक दिवसांनी तो वाढायचा थांबतो आणि विरघळायला लागतो. तुम्ही बी भरायची वाट बघताय आणि आत आपलं झाड मरतंय, असा प्रकार होतो.

म्हणून खरबूज आणि काकडीचं फळ पराग लावल्यापासून तीन ते चार आठवड्यांत तोडायचं, झुकिनीचं चार ते पाच. दिवस मोजायचे ते टॅगवरच्या तारखेने, फळाच्या रंगावरून किंवा वासावरून नाही. टॅगवर लाईनचा (तुमच्या जनक वाणाचा) नंबर आणि पराग लावल्याची तारीख पेन्सिलने लिहा, पेनाची शाई पाण्याने जाते आणि मग पूर्ण क्रेट आमच्यासमोर बिननावाचा पडतो. बिनतारखेची फळं आम्ही परत पाठवतो याचा काही जणांना राग येतो, पण एकेक बी चिमट्याने उघडून गर्भ शोधायला एका फळामागे माणूस किती वेळ बसतो ते एकदा लॅबला येऊन बघा, मग पटेल. शंभर बियांमागे दोन-तीन गर्भ मिळाले तर तो चांगला लॉट, आणि काही लाईन तर एकही देत नाहीत. यामुळेच आमचा चार्ज फळावर आहे, झाडावर नाही. झाडांची गॅरंटी कुणी देत असेल तर आधी तुमची लाईन कुठली ते त्याने विचारलं का, एवढं बघा.

दुसरी गोष्ट, बिया पोकळ निघाल्या म्हणून तक्रार करू नका, पोकळ निघायलाच हव्यात. फळभर टणक भरलेलं बी असेल तर बहुतेक मधमाशीने चांगला पराग आणून टाकलाय. मादी कळी आदल्या संध्याकाळीच क्लिप लावून किंवा पिशवीने बंद करा, आणि खरबुजाच्या ज्या लाईनला एकाच फुलात नर आणि मादी दोन्ही भाग असतात तिथे पुंकेसर तेव्हाच काढा, सकाळी फूल उघडल्यावर उपयोग नाही. नर कळ्याही आदल्या दिवशीच तोडायच्या, आमचा माणूस घेऊन जातो आणि डोस देऊन सकाळी क्रॉसिंगच्या वेळेला आणून देतो. डोस पिकाप्रमाणे बदलतो, खरबुजाला साधारण २०० ते ३०० ग्रे (किरणांची मात्रा मोजायचं एकक), झुकिनीला त्याच्या कितीतरी कमी, २५ ते ५०.

नर फुलं त्याच लाईनची देऊ नका असं आम्ही सांगतो त्यालाही कारण आहे. डोनर, म्हणजे पराग देणारं झाड, वेगळा, शक्यतो पान किंवा फळावरून ओळखू येणारा असला की एखादं खरं फलन झालेलं झाड निसटून आलं तरी त्या खुणेवरून लगेच पकडता येतं, नाहीतर दोन सीझन सांभाळल्यावर कळतं की ही लाईन शुद्ध नाहीच.

आणि फोनवर हळूच विचारला जाणारा प्रश्न, यात किरणोत्सर्ग राहतो का. नाही. कोबाल्ट-६० चे गॅमा किरण परागातून आरपार जातात, पराग स्वतः किरणोत्सर्गी होत नाही, फळही नाही, मजुरांनी बिनधास्त हात लावावा. हे जीएमही नाही, बाहेरचा जीन कुठेच घातलेला नाही. ही पद्धत १९८७ मधे फ्रान्समधे खरबुजावर दाखवली गेली, नंतर काकडी, कलिंगड, झुकिनीवरही झाली, गर्भ वाढवायला ई२०ए नावाचं मीडियम (लॅबमधलं पोषक माध्यम) वापरतात ते त्याच खरबुजाच्या कामातलं.

गर्भापासून झाड झालं की त्याची प्लॉइडी, म्हणजे गुणसूत्रांचे संच किती ते, तपासतो. हॅप्लॉइड झाडाची पानं-फुलं लहान असतात आणि नर फुलात पराग जवळपास नसतोच, त्यामुळे कोल्चिसिन या रसायनाने गुणसूत्रं दुप्पट केल्याशिवाय बी मिळत नाही. कोल्चिसिन विषारी आहे, ते काम लॅबमधेच होतं, घरी करायला मागू नका. दुप्पट झालेलं झाड सेल्फ केलं, म्हणजे त्याचाच पराग त्यालाच लावला, की लाईन पूर्ण होमोझायगस (गुणसूत्रांच्या जोड्या अगदी सारख्या, म्हणजे शुद्ध), सेल्फिंगच्या सहा-आठ पिढ्या वाचतात. पेरेंट लाईनवर काम करणाऱ्या छोट्या कंपनीला खरा फायदा इथे आहे.

बुकिंग पेरणीआधी करा, कारण डोनरची पेरणी थोडी आधी लागते आणि गॅमा चेंबरची (किरण द्यायच्या यंत्राची) वेळही आधी घ्यावी लागते. फोन करताना पीक, लाईनची संख्या आणि मादी झाडं किती एवढं हाताशी ठेवा. नवीन लाईन असेल तर पहिल्या वेळी थोडीच फळं द्या, ती लाईन गर्भ देते का ते दिसू दे, मग मोठा लॉट लावू.