सिडचा बास? शोधावाच लागेल

सेक्स पिस्टल्स या इंग्लिश पंक बँडचं नाव निघालं की गळ्यात साखळी-कुलूप अडकवलेला त्यांचा बासवादक सिड व्हिशस आठवतो. पाठोपाठ ठरलेलं वाक्य येतं: ‘नेव्हर माइंड द बोलॉक्स’ या अल्बममधला बास (खालच्या सुरांची गिटार) त्याचाच, आणि वाजवता तसं कुणालाच येत नव्हतं, नुसता गोंगाट.

दोन्ही चूक.

१९७७ मध्ये लंडनच्या वेसेक्स स्टुडिओत अल्बमचं काम चालू असताना सिड काविळीने इस्पितळात होता. तसाही बास त्याच्या हातात नुकताच आलेला. मग गिटारवाल्या स्टीव्ह जोन्सनेच बासही उचलला. युक्ती साधी: गिटारवर जे सूर, तेच बासवर, खालच्या सप्तकात. वर पुन्हा गिटारचे थरावर थर. लोक ज्याला गोंगाट म्हणतात ती ही बेतून रचलेली भिंत आहे. निर्माता क्रिस थॉमस तर पिंक फ्लॉइड या रॉक बँडच्या ध्वनिमिश्रणात मुरलेला माणूस! अल्बममधलं ‘अनार्की इन द यूके’ हे गाणं आधीच, १९७६ मध्ये झालं होतं. त्यात बास सिडच्या आधीच्या बासवादकाचा, ग्लेन मॅटलॉकचा. सिडच्या वाट्याला राहिलं ‘बॉडीज’ हे गाणं, तेही मिश्रणात दबलेलं. कान टवकारून ऐका, तरी जोन्सच ऐकू येतो.

सिडचा चेहरा मात्र जाहिरातीला पुरून उरला. खरी फुकटची जाहिरात केली ती पोलिसांनी. नॉटिंगहॅमच्या एका दुकानाने काचेत अल्बमची पोस्टरं लावली, आणि त्यावरचा ‘बोलॉक्स’ (वृषणांसाठीचा असभ्य शब्द) अश्लील ठरवून जाहिरातींबाबतच्या १८८९ च्या कायद्याखाली खटला भरला. ‘बोलॉक्स’ हा जुना इंग्रजी शब्द असून एकेकाळी पाद्र्यांनाही तसं म्हणत, अशी साक्ष एका प्राध्यापकाने कोर्टात गंभीरपणे दिली. दुकानदार निर्दोष सुटला.