उंदराला पाचाचं वावडं

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर दोन-तीन महिन्यांनी एक संदेश फिरून फिरून येतो : ‘रोज एक सुडोकू सोडवा, विसराळूपणा कायमचा पळवा.’ खाली मेंदूचं चित्र आणि त्यातून निघणारे पिवळे किरण. या खेपेला तो आला तेव्हा मी खरोखरच सुडोकू सोडवत बसलो होतो. आणि त्या नादात गॅसवर दूध ठेवलंय हे साफ विसरलो होतो. ओटा पुसता पुसता ठरवलं, की यावर एकदा लिहायचंच. विसराळूपणावर नव्हे, ज्या कोड्यापायी दूध गेलं त्या कोड्यावर.

त्या कोड्यात एक उंदीर होता.

नेहमीचं सुडोकू सगळ्यांना माहीत आहे : ९×९ ची ८१ घरं, प्रत्येक आडव्या ओळीत, उभ्या ओळीत आणि ३×३ च्या चौकटीत १ ते ९ अंक एकेकदाच. नाव जपानी असलं तरी खेळाचा जन्म अमेरिकेतला. हॉवर्ड गार्न्स या निवृत्त वास्तुरचनाकाराचं कोडं १९७९ मध्ये ‘नंबर प्लेस’ या नावानं छापून आलं, १९८४ मध्ये जपानच्या निकोली प्रकाशनानं ते उचललं, आणि नोव्हेंबर २००४ मध्ये वेन गोल्ड या निवृत्त न्यायाधीशानं ते लंडनच्या ‘टाइम्स’च्या गळी उतरवलं. तिथून ते आपल्या पेपरांत राशिभविष्याच्या शेजारी येऊन बसलं. शेजार वाईट, पण त्याला कोडं काय करणार!

अंक दिसले की लोकांना वाटतं, हे गणित, म्हणजे बेरीज-वजाबाकी. तसं काही नाही. १ ते ९ च्या जागी नऊ भाज्या लिहिल्या तरी साधं सुडोकू तसंच सुटेल. त्याचं मूळ आहे लॅटिन चौरसात, म्हणजे ज्याच्या प्रत्येक आडव्या आणि उभ्या ओळीत प्रत्येक चिन्ह एकदाच येतं अशा चौरसात. अठराव्या शतकात गणितज्ञ ऑयलरनं अशा चौरसांचा अभ्यास केला आणि दोन लॅटिन चौरस एकमेकांवर विशिष्ट प्रकारे बसवण्याबद्दल एक अंदाज मांडला. तो १९५९ मध्ये तिघांनी खोटा ठरवला : राजचंद्र बोस, ई. टी. पार्कर आणि आपले शरदचंद्र श्रीखंडे. नागपुरात शिकलेले श्रीखंडे पुढे मुंबई विद्यापीठात गणित विभागाचे प्रमुख होते. ही बातमी ‘न्यूयॉर्क टाइम्स’नं पहिल्या पानावर छापली होती. सुडोकूच्या गप्पांत त्यांचं नाव निघत नाही याची मला रुखरुख आहे, म्हणून इथे काढलं.

आता उंदीर. गेल्या काही वर्षांत सुडोकूची नवनवी रूपं निघाली आहेत. सायमन अँथनी आणि मार्क गुडलिफ हे दोन ब्रिटिश गृहस्थ ‘क्रॅकिंग द क्रिप्टिक’ या यूट्यूब वाहिनीवर ती सोडवून दाखवतात. मे २०२० मध्ये, टाळेबंदीत, मिचेल ली यांनी रचलेलं एक कोडं तिथे आलं. त्यात ८१ घरांपैकी फक्त दोन घरांत अंक होते. साध्या सुडोकूला किमान १७ अंक द्यावेच लागतात, हे त्याआधी २०१२ मध्ये डब्लिनच्या गॅरी मॅकग्वायर यांनी संगणक राबवून दाखवलं होतं. मग दोन अंकांत कसं भागलं? जादा नियमांमुळे. नियमही माहितीच देतो, अंकासारखीच.

याच कुळातली मार्टी सीअर्स यांची ‘रॅट रन’ ही कोडी. सुडोकूच्या जाळीत जागोजागी जाड भिंती. फिंक्झ नावाचा उंदीर एका घरात उभा, आणि त्याला भिंती न ओलांडता, एकाच घरात दुसऱ्यांदा न जाता, ठरलेल्या जागी पोचवायचं. वर अट अशी, की त्याच्या वाटेवरच्या अंकांनी एखादा खास नियम पाळला पाहिजे. वाट माहीत नाही, अंकही माहीत नाहीत. दोन्ही शोधायचे.

लहान मुलांच्या मासिकातला चक्रव्यूह सोडवायची युक्ती सोपी असते : जिथे बोळ पुढे बंद होतो तो बोळ पेन्सिलनं भरून टाकायचा. भरत गेलं की शेवटी उरते ती वाट. इथे ती युक्ती थोडीच चालते, कारण भिंती मुद्दाम विरळ ठेवलेल्या असतात आणि वाटा असंख्य निघतात. किती? भिंती अजिबात नसतील, तर ३×३ च्या जाळीत एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात, तिरकं न जाता, जायच्या, स्वतःला न छेदणाऱ्या वाटा १२. ४×४ मध्ये १८४. ९×९ मध्ये ३,२६,६५,९८,४८,६९,८१,६४२. तेव्हा ‘एकेक वाट करून बघू’ हा विचार सोडून द्यायचा.

मग सुरुवात कुठून करायची? ज्या नियमापायी माझं दूध उतू गेलं तोच घेऊ. सुडोकूवाले त्याला ‘जर्मन व्हिस्पर’ म्हणतात : वाटेवरच्या लागोपाठच्या दोन अंकांत निदान ५ चा फरक हवा. आणि आपल्यापुरती सोय म्हणून उंदराला तिरकं जायला बंदी करू (सीअर्स यांच्या कोड्यांत तो मोकळ्या जागी तिरका जाऊ शकतो).

एवढ्या एका ओळीच्या नियमातून काय काय निघतं बघा. ५ चा शेजारी कोण होऊ शकेल? ० किंवा १०. दोन्ही आपल्याकडे नाहीत. म्हणजे वाटेवर ५ येऊच शकत नाही. ४ ला शेजारी चालतो फक्त ९. ६ ला फक्त १. ३ ला ८ आणि ९, ७ ला १ आणि २. लहान अंकाशेजारी (१ ते ४) मोठाच (६ ते ९) येणार, त्याच्याशेजारी पुन्हा लहान. लहान, मोठा, लहान, मोठा, चालताना पावलं पडावीत तसं.

आता जुन्या घरातल्या काळ्या-पांढऱ्या फरश्या आठवा. जाळीतली घरं तशी रंगवली, तर सरळ चालणारा उंदीर प्रत्येक पावलाला रंग बदलतो. अंकही प्रत्येक पावलाला लहान-मोठा होतो. दोन्ही ठेके जुळलेले! म्हणून वाटेवर एका जरी घरात लहान अंक आहे हे कळलं, आणि ती फरशी काळी असली, तर अख्ख्या वाटेवरच्या सगळ्या काळ्या फरश्यांवर लहान आणि पांढऱ्यांवर मोठे अंक. वाट मध्ये कुठून कशी गेली हे माहीत नसतानाही! पलीकडच्या टोकाला एखादं घर वाटेत आहे एवढंच कळलं, की त्यातला अंक चारांपैकी एक. हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी लोकलमध्ये होतो आणि ‘अरे!’ असं मोठ्यानं म्हणालो. समोरच्या बाईंनी पर्स जवळ ओढली.

पण खरी गंमत ४ आणि ६ ची. समजा वाटेच्या मधल्या कुठल्या घरात ४ आहे. मग त्याच्या मागच्या घरात ९ आणि पुढच्या घरातही ९. वाट तिथे सरळ जात असेल, तर हे दोन्ही ९ एकाच ओळीत आले. सुडोकूत ते चालत नाही. म्हणजे ४ वर वाटेला वळावंच लागतं. आणि वळलं तरी ते दोन ९ एकाच ३×३ च्या चौकटीत असून भागणार नाही. म्हणजे वळणाचं घर चौकटीच्या वेशीवर हवं, आणि एक पाऊल वेशीबाहेर. ६ चंही तसंच, फक्त ९ च्या जागी १. चौकटीच्या मधोमधच्या घराचे चारही शेजारी त्याच चौकटीत असतात. तेव्हा वाट तिथून जात असेल तर तिथे ४ नाही, ५ नाही, ६ नाही.

म्हणजे भिंतींचा आकार अंकांबद्दल बोलतो, आणि अंक वाटेबद्दल. चक्रव्यूह आणि सुडोकू अशी दोन कोडी शिवून एक केलेलं नाही. वळण बघून अंक कळतो, अंक बघून पुढचं वळण.

आता कागद घ्या, इथून जरा अवघड आहे. जाळीच्या मधली ३×३ ची चौकट काढा. समजा भिंतींवरून एवढंच कळलंय, की उंदीर या चौकटीत एकदाच शिरतो, मधलं घर सोडून बाकीच्या आठही घरांतून फिरतो आणि बाहेर पडतो. आत एकही अंक दिलेला नाही.

सुटलेलं घर ५ चं, कारण ५ वाटेवर नको आणि चौकटीत तर हवा. म्हणजे ४ आणि ६ दोन्ही वाटेवर. त्यांना एक पाऊल वेशीबाहेर लागतं, आणि अशी घरं दोनच : शिरायचं आणि निघायचं. समजा शिरताना ४, निघताना ६. ४ च्या पुढे ९ च, ६ च्या आधी १ च. मांडणी झाली अशी : ४, ९, _, _, _, _, १, ६. उरले २, ३, ७, ८. लहान-मोठ्याच्या ठेक्यानं तिसरं घर लहान, चौथं मोठं, पाचवं लहान, सहावं मोठं. चौथ्या घराच्या दोन बाजूंना २ आणि ३ असणार. ३ ला ७ चालत नाही (फरक ४ च), म्हणून चौथ्यात ८. सहाव्यात उरला ७. त्याला शेजारी १ किंवा २ च चालतो. १ पुढे बसलाच आहे, म्हणून पाचव्यात २. तिसऱ्यात ३.

४, ९, ३, ८, २, ७, १, ६. फरक बघा : ५, ६, ५, ६, ५, ६, ५. उलटीकडून शिरला तर हाच क्रम उलटा. तिसरी शक्यता नाही.

आणि वाटेचा आकारही ठरला. मधल्या घराभोवती गोल फिरायचं म्हटलं, की शिरायचं आणि निघायचं घर एकमेकांना खेटून येतात, एक बाजूच्या मध्यावर, दुसरं कोपऱ्यात. समजा उंदीर वरून, वरच्या बाजूच्या मधल्या घरात उतरला, उजवीकडे वळला आणि घड्याळाच्या दिशेनं फिरत खालून डाव्या वरच्या कोपऱ्यात पोचला. तिथे ६ आहे, आणि ६ वर वळावंच लागतं. म्हणून तो सरळ वर जाऊ शकत नाही, डावीकडेच निघणार. चौकट भरली :

६ ४ ९
१ ५ ३
७ २ ८

शिवाय वेशीबाहेरची दोन घरंही हाती आली : ४ च्या वर ९, ६ च्या डावीकडे १. एकही अंक न देता उंदरानं अकरा घरं भरून दिली. त्या दिवशी मी नेमका इथेच चुकलो होतो. घाईत उंदराला कोपऱ्यातून सरळ वर पाठवलं, आणि पाऊण तासानं एका स्तंभात दोन १ येऊन उभे राहिले. कोडी रचणारे लोक भिंत कुठे ठेवायची आणि कुठली काढायची यावर जीव टाकतात तो यासाठीच. एक भिंत काढली की वाट दुहेरी होते, आणि उत्तर एकच उरलं नाही तर ते कोडं नव्हे.

३×३ ची चौकट दिसली म्हणून सांगतो. ज्याच्या प्रत्येक ओळीची, स्तंभाची आणि कर्णाची बेरीज १५ येते तो चौरस ‘पंधरिया यंत्र’ म्हणून तांब्याच्या पत्र्यावर कोरून विकला जातो. तिजोरीत ठेवा, भरभराट होईल, वगैरे. त्या चौरसातलं गणित अस्सल आहे. फिरवणं आणि आरशात बघणं सोडलं तर तशी मांडणी एकच निघते, आणि हे शाळेतलं पोरगंही सिद्ध करू शकतं. भरभराट विकणाऱ्याची होते, तेवढं सिद्ध करायची गरज नाही.

मेंदूला धार लावण्याचे दावेही त्याच तिजोरीतले. अमेरिकेत ‘लुमोसिटी’ हे मेंदूचे खेळ विकणाऱ्या कंपनीनं, खेळल्यानं स्मृतिभ्रंश लांबतो अशा जाहिराती केल्या. पुरेसा पुरावा नसताना असे दावे केल्याबद्दल तिथल्या व्यापार आयोगानं कारवाई केली, आणि जानेवारी २०१६ मध्ये कंपनीनं २० लाख डॉलर भरून प्रकरण मिटवलं. सुडोकू सोडवून सुडोकू चांगलं सोडवता येऊ लागतं, एवढं मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतो. दुधाचं सांगितलंच आहे.

ज्यांचा कागद अजून समोर आहे त्यांच्यासाठी एक घर शिल्लक ठेवलंय. वर आपण मधलं घर सोडलं. त्याऐवजी दुसरं एखादं सोडून उंदराला आठ घरांतून नेता येईल का? फरश्यांचे रंग मोजा : चौकटीत कोपरे आणि मध्य मिळून एका रंगाची पाच, बाकीची चार दुसऱ्या. वाटेला दोन्ही रंग चार-चार लागतात. म्हणजे कोपरा सुटू शकतो, बाजूचं मधलं घर नाही. डावा वरचा कोपरा सोडून बघा. अंकांचा क्रम ४, ९, ३, ८ असाच येईल, कारण तो काढताना वाटेच्या आकाराचा आपण कुठे आधार घेतलाच नव्हता. मात्र या वेळी मधल्या घरातून उंदीर जाईल, आणि ५ कोपऱ्यात जाऊन बसेल.