साडेआठ की साडेनऊ? जर्मनीला निघालेल्या कारागिरांच्या भाषाशिक्षणाची पार्श्वभूमी

जर्मनमध्ये ‘हाल्ब नॉयन’ म्हणजे साडेआठ. आठ वाजून गेले, नवाकडची अर्धी वाट झाली, असा त्याचा हिशोब. आपल्याकडच्या शिकाऊ मुलाच्या कानाला त्यात ‘नॉयन’, म्हणजे नऊ, तेवढं ऐकू येतं. तो साडेनऊ धरतो आणि कामावर तासभर उशिरा पोचतो. विभक्ती चुकली तर समोरचा हसून दुरुस्त करतो. उशीर मात्र भाषेच्या खात्यावर मांडला जात नाही. मुलगा बेपर्वा आहे, असाच त्याचा अर्थ लावला जातो. परक्या समाजात बोलण्या-वागण्याचं वेगळं शिक्षण का लागतं, ते इथे दिसतं.

महाराष्ट्रात हा विषय ऐरणीवर आला तो फेब्रुवारी २०२४ मध्ये. नर्स, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, ड्रायव्हर असं सुमारे १० हजार कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार राज्य सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी केला. ओळख जुनीच होती. या राज्याची राजधानी श्टुटगार्ट आणि मुंबई १९६८ पासून भगिनी-शहरं आहेत. पण तोवर आपल्याकडे जर्मन शिकणारे बहुतेक जण महाविद्यालयात जाणारे, इंजिनियर होऊ घातलेले. आता आयटीआयचा फिटर आणि नर्सिंगची मुलगीही त्याच बाकावर येऊन बसली.

जर्मनीला यातला धडा फार महागात पडलेला आहे. १९५५ मध्ये इटलीशी आणि १९६१ मध्ये तुर्कस्तानशी करार करून तिने कामगार आणले. नावच ‘गास्टआर्बाइटर’, म्हणजे पाहुणे कामगार. दोन-चार वर्षं राबून ते परत जातील, ही अटकळ. मग भाषा शिकवायची कशाला? यंत्रापुरते शब्द आले की झालं! १९७३ मध्ये तेलसंकटाच्या सुमारास नवी भरती थांबली. पण अनेक जण परतले नाहीत, उलट बायकामुलांना घेऊन आले. शाळा, दवाखाना, घरमालक, सरकारी कचेरी, सगळीकडे अडखळत त्यांची एक पिढी गेली. नवागतांसाठी देशभर एकसारखा एकात्मता-अभ्यासक्रम सुरू झाला तो थेट २००५ मध्ये. पहिल्या करारानंतर पन्नास वर्षांनी! हे वाचताना मला आजही वाईट वाटतं.

मधल्या काळात विचार मात्र पुढे सरकत होता. अमेरिकेत मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल १९५० च्या दशकात परदेशी जाणाऱ्या अधिकाऱ्यांना शिकवत होते. वेळ, अंतर, गप्प राहणं हेही बोलणंच असतं, हे त्यांनी ठासून मांडलं. युरोप परिषदेने १९७५ मध्ये ‘उंबरठा पातळी’ ठरवली: परक्या देशात रोजचं जगणं निभावण्यासाठी माणसाला काय काय बोलता आलं पाहिजे, याची मांडणी. १९९७ मध्ये भाषाशिक्षणाचे अभ्यासक मायकल बायरम यांनी आणखी पुढचं पाऊल टाकलं. शिकणाऱ्याने मूळ भाषकाची हुबेहूब नक्कल करावी ही अपेक्षाच त्यांनी सोडली आणि दोन समाजांच्या मध्ये उभं राहून दोन्हीकडचा अर्थ लावणारा माणूस हे ध्येय ठेवलं. मला ही मांडणी सगळ्यात मोलाची वाटते, कारण ती मुलाला त्याचं मराठीपण उंबऱ्याबाहेर ठेवायला सांगत नाही. २००१ मध्ये भाषा किती येते हे मोजणाऱ्या ए-१ ते सी-२ या सहा पायऱ्या आल्या. आज क्लासच्या पाट्यांवर दिसतात त्या याच.

आपल्या आयटीआयची परंपरा वेगळी. १९५० मध्ये सुरू झालेल्या कारागीर प्रशिक्षण योजनेचा सगळा भर हातावर होता, आणि ते योग्यच होतं. पुढे रोजगारक्षमता कौशल्यांचा विषय आला, त्यात संभाषणही आलं. पण वर्कशॉपमधली मूळ सवय टिकली. सरांनी ‘समजलं का?’ विचारलं की सगळा वर्ग एका सुरात ‘हो सर’. समजलेलं नसतानाही, कारण ‘नाही’ म्हणणं म्हणजे सरांच्या शिकवण्यात खोट काढणं. इथे तो आदर असतो. जर्मन वॉर्डात हाच ‘हो’ ऐकून समोरची नर्स औषधाची मात्रा पुन्हा सांगत नाही. ‘समजलं नाही, परत सांगा’ हे वाक्य मुलांना पाठ असतं. वरिष्ठांसमोर ते तोंडातून निघायला मात्र महिने लागतात. त्याचा सराव वर्गातच, खोटा वॉर्ड आणि कामाची खोटी पाळी मांडून करावा लागतो.

मराठीची पुंजीही कमी नाही. आपल्या ‘एकवीस’मध्ये एक आधी, वीस नंतर, जर्मन ‘आइनउंडत्स्वान्त्सिश’मध्येही तसंच. ‘तुम्ही’ आणि ‘तू’ यांतला फरक अंगी मुरलेला असल्याने ‘झी’ आणि ‘डू’ लवकर उमगतात. मात्र ‘डू’ म्हणण्याची मुभा आधी कोण देतं, हे तिथल्या रीतीप्रमाणे शिकावं लागतं. आणि कामाची पाळी संपल्यावर ‘येतो’ असं मनात म्हणत ‘इश कोमं’ म्हटलं, तर निरोप घ्यायचा राहूनच जातो. समोरचा आपल्या येण्याची वाट बघत थांबतो.