मिनी (1959 ची मोटारगाडी)

मिनी ही ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनने 26 ऑगस्ट 1959 ला बाजारात आणलेली छोटी चार सीटर गाडी, सुरुवातीला ऑस्टिन सेव्हन आणि मॉरिस मिनी-मायनर अशा दोन नावांनी विकली जायची. 2000 सालापर्यंत ती बनत राहिली, 53 लाखांच्या वर गाड्या निघाल्या आणि इतक्या वर्षांत मूळ आकार जवळपास तोच राहिला. बाहेरून बघितली तर खेळण्याएवढी वाटते, पण चार मोठी माणसं आत नीट मावतात, आणि ती जागा कुठून काढली हाच या गाडीचा खरा इतिहास आहे.

1956 ला सुएझ कालव्याचं प्रकरण पेटलं, ब्रिटनमध्ये पेट्रोलचं रेशनिंग झालं आणि लोक बबल कार नावाच्या इवल्याशा गाड्या घ्यायला लागले. कंपनीचे प्रमुख लेनर्ड लॉर्ड यांना त्या गाड्या बघवत नव्हत्या. त्यांनी ॲलेक इसिगोनिस यांना बोलावून सांगितलं की एक धड छोटी कार बनवा, फक्त इंजिन आपल्याकडे तयार आहे त्यातलंच घ्या. इसिगोनिस म्हणजे आधी मॉरिस मायनर ही गाडी डिझाइन केलेला माणूस. त्यांनी ठरवलं की गाडी 10 फूट लांब आणि त्यातले 6 फूट फक्त माणसांसाठी.

आता उरलेल्या 4 फुटांत इंजिन, गिअरबॉक्स आणि डिकी, कसं बसवणार? चार सिलिंडरचं इंजिन गाडीच्या लांबीच्या दिशेने ठेवून मागे गिअरबॉक्स लावला तर सगळी जागा तिथेच संपते, म्हणून त्यांनी इंजिन रुंदीच्या दिशेने आडवं टाकलं. पण मग गिअरबॉक्सला बाजूला जागाच उरेना, तर तो थेट इंजिनच्या खाली सम्पमध्ये, म्हणजे ऑइल साठतं त्या तळाच्या भांड्यात घातला, म्हणजे एकच ऑइल इंजिनलाही आणि गिअरलाही! मला तरी या गाडीतली सगळ्यात धाडसी गोष्ट हीच वाटते. चाकं फक्त 10 इंची, त्यासाठी डनलॉपने वेगळे टायर बनवले, कारण मोठं चाक घेतलं की त्याचा फुगवटा सीटच्या जागेत घुसतो.

सस्पेन्शनचं पण तसंच. गाडीचं वजन सुमारे 600 किलो, त्यात चार जण बसले की भार जवळजवळ दीडपट होतो, साधी स्प्रिंग एकतर रिकाम्या गाडीत कडक लागणार नाहीतर भरलेल्या गाडीत दबणार. ॲलेक्स मोल्टन यांनी स्टीलच्या स्प्रिंगऐवजी रबराचा शंकू दिला, तो जितका दाबाल तितका कडक होत जातो आणि जागाही अगदी कमी खातो.

प्रोटोटाइपमध्ये 948 सीसीचं इंजिन होतं, गाडी ताशी 145 किमीच्या आसपास पळायला लागली, एवढ्या छोट्या गाडीला ते जास्तच होतं, म्हणून ते 848 सीसी केलं आणि बॉडी 2 इंचांनी रुंद केली. कार्ब्युरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग, पुढे होता, थंडीत त्यात बर्फ धरायचा, म्हणून अख्खं इंजिन उलटं फिरवलं. त्याने कार्ब्युरेटर मागे गेला खरा पण स्पार्क प्लगना वीज पोचवणारा डिस्ट्रिब्युटर बरोबर पुढच्या जाळीच्या मागे आला आणि जोरात पाऊस असला की भिजून गाडी बंद पडायची. पहिल्या गाड्यांत फ्लोअरच्या पत्र्यांचा जोड उलट्या बाजूने एकावर एक आला होता, त्यामुळे पायाशी पाणी साचायचं.

एवढं असूनही गाडी वळणावर जमिनीला चिकटून जायची. रेसिंगवाल्या जॉन कूपर यांनी ते ओळखलं, 1961 ला 997 सीसीची मिनी कूपर आली, पुढे 1964, 1965 आणि 1967 ला मिनीने मोंटे कार्लो रॅली जिंकली. 1966 लाही मिनीच पहिली आली होती, पण हेडलाइटच्या नियमावरून बाद केली.

दाराच्या काचा सरकत्या होत्या, त्यामुळे दारात काच खाली उतरवायची यंत्रणाच नव्हती आणि ती सगळी पोकळी मोठ्या खिशासारखी सामानाला मिळायची. डिकीत सामान मावलं नाही तर झाकण उघडंच ठेवून चालवा, नंबर प्लेट बिजागरीवर खाली लोंबायची आणि मागून नीट दिसायची. 1969 ला हँडल फिरवून उतरवायच्या काचा आल्या आणि दारातला तो मोठा खिसा गेला.