नोबेल, मॅगसेसे आणि रायगड जिल्हा: आंतरराष्ट्रीय पुरस्कारांची पार्श्वभूमी

कोकणात विहीर खणताना जांभ्याचा थर संपून खाली काळा कातळ लागला, की पहार आणि घण यांचे काम थांबते आणि सुरुंगवाल्याला बोलावणे जाते. कातळाला भोके पाडून त्यांत जिलेटिनच्या कांड्या ठासायच्या, वात बाहेर काढायची, आसपासच्या घरांना हाळी देऊन माणसे आणि गुरे लांब न्यायची आणि मग बार उडवायचा, ही रीत इथल्या बहुतेक वाड्यांना ठाऊक आहे. ज्या माणसाच्या शोधातून ही कांडी आली, त्याच माणसाच्या संपत्तीतून दरवर्षी ऑक्टोबरात, म्हणजे आपल्याकडे भातकापणी सुरू असताना, जगातील सर्वात मानाच्या पुरस्कारांची घोषणा होते. आल्फ्रेड नोबेल यांचे नाव आपण पुरस्कारामुळे ओळखतो. कोकणच्या कातळाशी मात्र त्यांचा संबंध आधी आला आहे.

नोबेल यांचा जन्म २१ ऑक्टोबर १८३३ रोजी स्टॉकहोममध्ये झाला. नायट्रोग्लिसरीन हे स्फोटक द्रव्य आस्कानियो सोब्रेरो या इटालियन रसायनशास्त्रज्ञाने १८४७ मध्ये तयार केले होते, परंतु ते इतके बेभरवशाचे होते की जरा धक्का लागला तरी उडे. नोबेल यांनी त्याचे उत्पादन सुरू केले आणि १८६४ मध्ये स्टॉकहोममधील हेलेनबोर्ग येथील स्फोटात त्यांचा धाकटा भाऊ एमिल आणि इतर काही जण मरण पावले. त्यानंतर या द्रवाला काबूत आणण्याचा उपाय त्यांना उत्तर जर्मनीत मिळणाऱ्या एका पांढुरक्या, सच्छिद्र मातीत सापडला. नायट्रोग्लिसरीन त्या मातीत मुरवले की त्याचा लगदा होई आणि त्याच्या कांड्या वळता येत. १८६७ मध्ये पेटंट घेतलेले हेच डायनामाइट. ही माती म्हणजे करंडक वनस्पती या नावाच्या सूक्ष्म एकपेशीय शैवालांच्या कवचांचा हजारो वर्षे साचलेला थर असतो. आपल्या खाड्यांत ओहोटीला चिखल उघडा पडतो तेव्हा त्यावर जी तपकिरी-सोनेरी साय धरलेली दिसते, ती बहुतांशी याच कुळातील शैवालांची असते. पुढे १८७५ मध्ये नोबेल यांनी मातीऐवजी कलोडियन (नायट्रोसेल्युलोजचे चिकट द्रावण) वापरून अधिक जोरकस आणि पाण्यात टिकणारे स्फोटक जिलेटिन बनवले, आणि आपल्या बोलण्यात रुळलेला "जिलेटिन" हा शब्द त्यातूनच आला. आयुष्यभरात त्यांच्या नावावर ३५५ पेटंटे जमा झाली.

२७ नोव्हेंबर १८९५ रोजी पॅरिसमध्ये नोबेल यांनी आपल्या अखेरच्या मृत्युपत्रावर सही केली. वकिलांवर त्यांचा विश्वास नसल्याने ते त्यांनी कोणाही कायदेतज्ज्ञाच्या मदतीशिवाय स्वतः स्वीडिश भाषेत लिहून काढले होते. संपत्तीचा बहुतांश भाग सुरक्षित रोख्यांत गुंतवावा आणि त्याच्या व्याजाचे पाच समान भाग करून ते मागील वर्षात मानवजातीचे सर्वाधिक हित साधणाऱ्यांना द्यावेत, असे त्यात म्हटले होते. हे भाग पदार्थविज्ञान, रसायनशास्त्र, वैद्यक, साहित्य आणि शांतता यांसाठी होते. उमेदवाराचे राष्ट्रीयत्व पाहू नये, ही अटही त्यांनी स्पष्ट शब्दांत घातली. राष्ट्राभिमान टोकाला गेलेल्या त्या काळातील युरोपात ही एक अट मला संपूर्ण मृत्युपत्रात सर्वात मोलाची वाटते, कारण गुलामीत असलेल्या देशातील माणसालाही या पुरस्काराचे दार तिच्यामुळेच उघडे राहिले आणि १९१३ मध्ये रवींद्रनाथ ठाकूर त्यातून आत गेले.

या कागदाची अंमलबजावणी सोपी नव्हती. १० डिसेंबर १८९६ रोजी इटलीतील सान रेमो येथे नोबेल वारले, तेव्हा तीन कोटी दहा लाखांहून अधिक स्वीडिश क्रोनर इतकी त्यांची मालमत्ता अनेक देशांत विखुरलेली होती आणि नातेवाईक मृत्युपत्राला आव्हान देण्याच्या तयारीत होते. व्यवस्थापक म्हणून नेमलेले राग्नार सोलमन हे त्या वेळी अवघे सव्वीस वर्षांचे होते. फ्रेंच न्यायालयांनी हात घालण्याआधी पॅरिसमधील रोखे देशाबाहेर काढणे त्यांना भाग होते. बँकेतून काढलेले रोखे भाड्याच्या घोडागाडीत घालून, भरलेले पिस्तूल जवळ ठेवून त्यांनी ते खेपा करून स्वीडनच्या वकिलातीत पोहोचवले आणि तेथून गठ्ठे बांधून लंडन आणि स्टॉकहोमला रवाना केले. नोबेल यांचे कायदेशीर वास्तव्य कोणत्या देशात, हाही प्रश्न होताच. तो अखेर स्वीडनमधील बोफर्सजवळच्या त्यांच्या निवासस्थानाच्या बाजूने लागला. (भारतात तोफांमुळे माहीत झालेली हीच ती बोफर्स, आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत ती नोबेल यांच्या मालकीची होती.) नातेवाइकांशी १८९८ मध्ये तडजोड झाली, २९ जून १९०० रोजी नोबेल प्रतिष्ठानची नियमावली मंजूर झाली आणि १० डिसेंबर १९०१ रोजी, नोबेल यांच्या पाचव्या स्मृतिदिनी, पहिले पुरस्कार दिले गेले. क्ष-किरणांचे संशोधक विल्हेल्म रंटगेन आणि रेडक्रॉसचे प्रणेते आंरी द्युनां हे त्या पहिल्या मानकऱ्यांपैकी होत.

मृत्युपत्रातील "मागील वर्षात" हे शब्द शब्दशः पाळणे विज्ञानात जवळजवळ अशक्य ठरले, कारण एखाद्या शोधाचे मोल कळायला वर्षे जातात. याची दोन उदाहरणे मुंबई बंदराशी जोडलेली आहेत. १९२१ मध्ये युरोपहून परतताना चंद्रशेखर वेंकट रामन यांनी भूमध्य समुद्राचा गडद निळा रंग पाहिला. हा रंग म्हणजे केवळ आकाशाचे प्रतिबिंब, हे ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅली यांचे म्हणणे त्यांना पटले नाही. जवळच्या साध्या उपकरणाने पृष्ठभागावरून परावर्तित होणारा प्रकाश गाळून पाहिला, तरी पाण्याचा निळेपणा कमी न होता उलट अधिकच खुलून दिसला. "नारकुंडा" बोट मुंबईला लागली तेव्हा त्यांनी बंदरातूनच या विषयावरील टिपण "नेचर" नियतकालिकाकडे पाठवले. त्या विचाराचा धागा १९२८ मधील रामन परिणामापर्यंत (पदार्थातून विखुरताना काही प्रकाशाचा रंग बदलतो, या शोधापर्यंत) गेला आणि १९३० मध्ये त्यांना नोबेल मिळाले. त्याच १९३० सालच्या ३१ जुलैला त्यांचे एकोणीस वर्षांचे पुतणे सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर मुंबईहून बोटीने शिक्षणासाठी निघाले आणि मृत होत जाणाऱ्या ताऱ्याच्या वस्तुमानाला एक मर्यादा असते, हे गणित त्यांनी त्या प्रवासातच मांडले. काकांना शोधानंतर दोन वर्षांत मान मिळाला, तर पुतण्याला १९८३ उजाडेपर्यंत, म्हणजे त्रेपन्न वर्षे, वाट पाहावी लागली.

शांतता पुरस्काराची वाट वेगळी आहे. इतर पुरस्कार स्वीडनमधील संस्था ठरवतात, तर हा पुरस्कार नॉर्वेच्या संसदेने निवडलेली पाच जणांची समिती ठरवते. नोबेल यांच्या हयातीत हे दोन देश एकाच राजाखाली होते. महात्मा गांधींचे नाव १९३७, १९३८, १९३९ आणि १९४७ मध्ये पुढे आले आणि १९४८ मध्ये हत्येच्या काही दिवस आधी पुन्हा आले. मरणोत्तर पुरस्कार त्या वेळच्या नियमांत पूर्णपणे वर्ज्य नव्हता, परंतु गांधींनी ना मालमत्ता ठेवली होती ना मृत्युपत्र, तेव्हा रक्कम कोणाच्या हाती द्यावी, असा पेच समितीपुढे होता. शेवटी "योग्य असा हयात उमेदवार नाही" असे कारण देऊन त्या वर्षीचा शांतता पुरस्कार कोणालाही दिला गेला नाही. आपल्यासाठी ही केवळ चुकलेली निवड नाही. अपरिग्रह पाळणारा माणूस पुरस्काराच्या नियमात बसत नाही, याची ती नोंद आहे, आणि ती आजही मनाला लागते.

त्यानंतर दहा वर्षांनी गांधींच्याच शिष्याला आशियातील नव्या पुरस्काराचा पहिला मान मिळाला. फिलिपाइन्सचे अध्यक्ष रामोन मॅगसेसे १७ मार्च १९५७ रोजी विमान अपघातात मरण पावले. त्यांच्या स्मरणार्थ रॉकफेलर बंधूंच्या निधीतून त्याच वर्षी पुरस्कार स्थापन झाला आणि १९५८ मध्ये लोकनेतृत्वासाठीचा पहिला पुरस्कार विनोबा भावे यांना जाहीर झाला. विनोबांचा जन्म आजच्या रायगड जिल्ह्यात, पेण तालुक्यातील गागोदे गावी ११ सप्टेंबर १८९५ रोजी झाला होता, म्हणजे पॅरिसमध्ये नोबेल यांनी सही केली तेव्हा हे बाळ अडीच महिन्यांचे होते. १९४० च्या वैयक्तिक सत्याग्रहासाठी गांधींनी पहिला सत्याग्रही म्हणून त्यांचीच निवड केली होती आणि १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्लीत भूदानाला आरंभ झाल्यापासून ते जमीन मागत देशभर पायी फिरत होते.

दुसऱ्याच वर्षी, १९५९ मध्ये, शासकीय सेवेसाठीचा मॅगसेसे पुरस्कार चिंतामणराव देशमुख यांना मिळाला. फिलिपाइन्सचे एक शिक्षणतज्ज्ञ त्यात त्यांचे सहमानकरी होते. चिंतामणरावांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी महाड तालुक्यात, रायगड किल्ल्याच्या वाटेवरील नाते गावी झाला, आणि घराणे रोह्याचे. १९१२ च्या मॅट्रिकला मुंबई विद्यापीठात पहिले येणारा हा विद्यार्थी १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर झाला, पुढे केंद्राचा अर्थमंत्री झाला आणि मुंबई महाराष्ट्रापासून तोडण्याच्या प्रश्नावर १९५६ मध्ये मंत्रिपद सोडून मोकळा झाला. अर्थशास्त्र हा विषय नोबेल यांच्या मृत्युपत्रात नव्हता. त्याचा पुरस्कार स्वीडनच्या मध्यवर्ती बँकेने आपल्या त्रिशताब्दीनिमित्त १९६८ मध्ये सुरू केला.

मॅगसेसेला "आशियाचे नोबेल" म्हणण्याची पद्धत पडली आहे. आदर म्हणून ते ठीक असले, तरी त्यामुळे या पुरस्काराचे स्वतःचे माप झाकले जाते. नोबेलचा भर शोधावर आणि ग्रंथावर आहे, तर मॅगसेसे गावोगाव, कचेरीत किंवा वर्तमानपत्रात राबणाऱ्या माणसाची सेवा मोजतो. मागील वर्षाच्या कामगिरीऐवजी अनेक वर्षांचे वागणे त्यात जमेस धरले जाते.

रायगडला हा मान १९९६ मध्ये पुन्हा मिळाला, तोही रोह्यात १९ ऑक्टोबर १९२० रोजी जन्मलेल्या पांडुरंगशास्त्री आठवले यांच्या रूपाने. पुढच्याच वर्षी त्यांना टेम्पलटन पुरस्कारही मिळाला. त्याचीही कथा नोबेलपासूनच सुरू होते. नोबेल यांच्या पाच विषयांत धर्म आणि अध्यात्म नाहीत, ही उणीव गुंतवणूकदार जॉन टेम्पलटन यांना खटकत होती. म्हणून १९७२ मध्ये त्यांनी नवा पुरस्कार स्थापन केला आणि त्याची रक्कम नोबेलपेक्षा नेहमी जास्त असावी, अशी अट घातली. १९७३ मध्ये त्याच्या पहिल्या मानकरी ठरलेल्या मदर तेरेसा यांना नोबेल त्यानंतर सहा वर्षांनी, १९७९ मध्ये, मिळाले.

शास्त्रीजींच्या स्वाध्याय परिवाराचे काम किनाऱ्यावरच्या कोळी वस्त्यांतही रुजले. तिथे "मत्स्यगंधा" नावाने सामायिक मच्छीमार नौका चालतात. त्यांवर प्रत्येक जण आपल्या पाळीच्या दिवशी मजुरी न घेता जातो आणि मासळीच्या विक्रीतून येणारा पैसा, कोणाचाही मालकी हक्क न धरता, गरजूंकडे वळवला जातो.